जुवाचा झाला बैल

मी बोलून राहिलो. खिडकीकडं नका पाहू, तथी कोनी नाई. वर पाहा. कपाटावर, पृथ्वीच्या गोलाच्या बाजूले. एक कान तुटलेला, चार चाकं, त्यातलं एक डुगडुगते. हो, मीच. लाकडाचा बैल.

पातूरजवळच्या या मराठी शाळेत माहं शिक्षन झालं. तिसरीपर्यंत. चवथीचा वर्ग दुसऱ्या खोलीत भरते अन् मले तथी कोनी नेत नाई, म्हनून पुढं शिकता नाई आलं. पाढे सतरापर्यंत पक्के हायेत. अठराच्या पाढ्याले पोरं नुसते गुनगुनतात, म्हनून मीही गुनगुनतो. बाईले अजून समजलं नाई.

मोठे लोक आपली गोष्ट सांगाले बसले की पयले म्हनतात, मी लहानपनी लय गुनी होतो. मी नव्हतो. मी जू होतो.

बैलाच्या जोडीच्या मानेवर आडवं लाकूड ठेवतात ना, ते जू. बैल ओढतात, मानूस मागून हाकते, अन् जू वर बसून वावर पाहते. असं आरामाचं काम त्या गावात दोघायलेच होतं. एक मले अन् एक उत्तमराव पाटलाले.

गाव तिवस्यापासून कोसभर. पाटलाची जमीन काळीभोर, पोट गोल, मिशी अशी की दोन्ही टोकाले लिंबू ठेवलं त पडनार नाई. सुपारी कातरता कातरता ते साऱ्या गावाचं काम सांगत. मानूस वाईट नव्हता. फक्त आपल्या खुर्चीखाली कोन हाये हे वाकून पाहाची त्यायले सवय नव्हती. मलेही नव्हती.

पाटलाकडं श्रावन नावाचा सालदार होता. सालदार म्हंजे पाडव्याले साल बांधलं की वर्सभर त्याच घरचं काम. उठला की कोठा झाडनं, बैल सोडनं, वावर, अन् राती परत कोठा. बोटं त्याचे काटकुळे, पन रिकामे राहात नव्हते. हातात लाकूड सापडलं की कोरलंच समजा. शिकवलं कोनी नाई. हत्यारं त कोनापाशी मागाचे? बैलाच्या पायातून पडलेली नाल घासून त्यानं पटाशी केली होती अन् मोडक्या छत्रीच्या काडीची टोचनी.

गावचा सुतार शेषराव त्याले चिडवे, "रंधा धरता येते का बे तुले?"

"रंधा असन त धरीन ना, शेषरावभाऊ. देता का तुमचा?"

शेषराव लगेच दुसऱ्या गोष्टीवर जाये.

श्रावन जे पाहे तेच कोरे. त्याच्या झोपडीच्या चौकटीवर बायांची रांग होती. साऱ्यायच्या डोक्यावर रिकामे घडे, अन् पुढं विहीर. विहिरीवर एकच बाई उभी, वरून पानी टाकनारी, अन् तिचं तोंड दुसरीकडं. लोक म्हनत, लय सुरेख. मंग थोडा वेळ पाहात अन् निंघून जात.

पाटलाच्या घरी त्यानं एक लाकडाची पळी करून देल्ली होती. दांड्याच्या टोकाले एक तोंड कोरलेलं, गोल, मिशीवालं. पाटलीन सुभद्राबाई रोज त्या पळीनं वरन घोटे. पाटील समोर पाटावर बसून जेवत अन् म्हनत, वरन आज चांगलं झालं. त्यायले कधीच दिसलं नाई की बायको रोज त्यायले बुडवून काढते. सुभद्राबाईले पयल्याच दिवशी दिसलं होतं. त्या दिवसापासून दुसरी पळी तिनं हातात धरली नाई.

आता खरी गोष्ट. छप्पनच्या दसऱ्याले श्रावनच्या वस्तीतले लोक नागपूरले जाऊन बौद्ध होऊन आले. घरातले देव गठुड्यात बांधून नदीत सोडले. अन् मेलेलं ढोर ओढाचं काम सोडलं, एकदम.

पुढच्या पावसाळ्यात, ऐन डवरनीत, पिकातलं गवत काढाच्या दिवसात, पाटलाचा एक बैल साप चावून मेला. वस्तीत निरोप गेला, ढोर ओढून न्या. कोनी आलं नाई. श्रावन मात्र रोजच्यावानी कामावर हजर.

"तू त आलास. मंग ओढ," पाटील म्हनले.

"ते काम आमी सोडलं, मालक."

"सोडलं?"

"हो जी."

पाटलानं सुपारीची खांड तोंडात टाकली. "बरं. मेलेला ओढत नाई ना? मंग त्याच्या जागी तू उभा राय. गवत काई तुह्या धरमासाठी थांबनार नाई."

श्रावननं पराटीतल्या, म्हंजे कपाशीतल्या, गवताकडं पाह्यलं. साल बांधलेलं होतं. मंग त्यानं विचारलं, "ढेप भेटन का मालक, का नुसतं कुटार?"

बैलाले सरकीची ढेप देतात, नाई त नुसता भुसा, म्हंजे कुटार. पाटलाले हासू आलं. पन शब्द काई वापस घेतला नाई. अशा लोकायचं असंच असते, हासतात मोकळं अन् बांधतात पक्कं.

मले त सुरुवातीले गम्मत वाटली. एका बाजूले मोऱ्या बैल, दुसऱ्या बाजूले श्रावन. पन मानसाची मान जुवासाठी केलेलीच नाई. मी घसरून त्याच्या उजव्या खांद्यावर आलो. अन् त्याच टोकाले माह्या लाकडात एक गाठ होती, बोरायेवढी. बाभळीले गाठी असतातच, मी काई मुद्दाम आनली नव्हती. ती गाठ त्याच्या खांद्यात बसली. ओळ संपली की तो वळे अन् गाठ आनखी अंदर जाये.

मोऱ्या शहाना. त्यानं आपली चाल कमी केली. मागं डवरा धरून मोतीराम सालदार होता. तो बैलाले हाक देई अन् मधातच तोंड मिटे. एकाच जोडीतल्या दोघायले हाक कशी देवा, हे त्याले समजे ना. बांधावर सुभद्राबाई मुंगाच्या शेंगा तोडाले आल्या होत्या. त्या उभ्या राहिल्या, पाह्यलं, अन् पदराचा ओटा रिकामाच घेऊन घरी गेल्या.

मंग पाटलानं दुसरा बैल आनला अन् साऱ्यायनं ती गोष्ट मिटवून टाकली. श्रावनच्या खांद्याले मात्र ते जमलं नाई. तथी वन राहिलं. मधात बोरायेवढा खड्डा अन् भवताल ओढलेली कातडी.

दुसऱ्या वर्सी मीच मोडलो. बैलबंडी चिखलात फसली, मी कडकन दोन झालो. पाटील म्हनले, "चुलीत घाल." श्रावननं माहा गाठीचा तुकडा खांद्यावर घेतला, डाव्या, अन् घरी आनला. पंचफुला, त्याची बायको, मले पाहून खूश झाली. जळतन चांगलं होतं ना. तिनं दोनदा मले चुलीपाशी नेलं अन् दोनदा श्रावननं वापस आनलं.

"काहून? याच्यात काय सोनं हाये?"

"हाये काईतरी."

"तुमच्या खांद्याचं मास असन, दुसरं काय," पंचफुला म्हनली, अन् मले तिसऱ्यांदा नेलं नाई.

तितक्यात पाटलाचं फर्मान आलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं लेकरायचा तान्हा पोळा असते. लेकरं लाकडाचे बैल सजवून पारापुढं रांगेत उभे करतात. अमरावतीहून पाटलाचा नातू येनार होता. "हत्तीवानी बैल कर," पाटील म्हनले, "साऱ्या गावानं पाहाले पाहिजे."

"करतो मालक. लाकूड हाये माह्यापाशी."

म्हंजे मी. ज्यानं बैलायच्या मानेवर बसून जलम काढला, त्याले आता बैल व्हावं लागलं. हासा तुमी. मलेही पटाशी लागे तवा गुदगुल्याच होत, हासता येत नव्हतं इतकंच.

श्रावनची पोरगी मैना समोर बसून राहे. दुसरीत होती. "बाबा, हा माहा."

"पाटलाच्या नातवाचा हाये."

"मंग याचे डोये माह्याकडं काहून पाहून राहिले?"

श्रावननं पटाशी परत लाकडाले लावली. वस्तीतल्या लेकरायनं त्या रांगेत कधी बैल उभा केला नव्हता. त्यायनं दुरून पाहाचं, असं ठरलेलं होतं. कोनी ठरवलं ते कोनालेच ठाऊक नाई.

पंचफुलाचा राग वेगळाच. "देव नदीत सोडून आलो, अन् तुमी दारात नंदी करून राहिले. लोक काय म्हनतीन?"

"नंदी नाई वो. त्याच्या पाठीवर झूल नाई, कपाळावर गंध नाई. हा डवऱ्याचा बैल हाये. बरगड्या पाय."

तिनं बरगड्या पाह्यल्या. मंग मान पाह्यली, अन् चुलीपाशी गेली.

कोनी दुसरा असता त त्यानं ती गाठ पोटाखाली लपवली असती. श्रावननं बरोबर मानेवर घेतली, एका बाजूले, अन् मधातून पोखरून तिचा खड्डा केला. अन् गाठीच्या भवताल कातडी कशी ओढली जाते, कशी फाटते, ते नालेच्या पटाशीनं कोरलं. आरसा नव्हता त्याच्यापाशी. डाव्या हातानं आपला खांदा चाचपे अन् उजव्या हातानं माहा कोरे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यानं मले पाटलाच्या कोठ्यात नेऊन ठेवलं. पाटील आले, भवताल फिरले. शेपटी पाह्यली, शिंगं पाह्यले. "वा. वा रे पठ्ठ्या." मंग मानेपाशी आले अन् त्यायचा तिसरा वा तोंडातच राहिला.

"हे काय हाये?"

"खांदा आला हाये जी बैलाचा, जू घासून."

"बैलाचा खांदा मधात येते. हे एका बाजूले काहून?"

बोलाची गरज नव्हती. कोठ्यात मोऱ्या होता, मोतीराम होता, अन् मी होतो. साऱ्यायले ठाऊक होतं.

पाटलानं भिंतीवरची कानस काढून त्याच्यापुढं टाकली. "घास. सपाट कर. नातू उद्या येते, गाव पाहीन." थोडं थांबून म्हनले, "नसन घासाचं त पाडव्याची वाट नको पाहू. उद्यापासूनच येऊ नको."

श्रावननं कानस उचलली. पयले माहे खुर घासले. मंग शिंगं. मंग शेपटी, ती त पयलेच गुळगुळीत होती. मंग परत खुर. पाटील पाहून राहिले. मोतीराम वैरन टाकता टाकता तिथंच वैरन टाकून राहिला, एका जागी ढीग झाला. साऱ्या अंगावरून कानस फिरली अन् शेवटी मानच राहिली.

श्रावन उभा झाला. कानस त्यानं पाटलाच्या हातात देल्ली.

"तुमीच घासा, मालक. माह्या हातानं नाई निंघत."

पाटलाच्या हातात उभ्या जलमात हत्यार म्हनून अडकित्ता सोडून काई आलं नव्हतं. त्यायनं कानस कडुनिंबाच्या दातनावानी धरली अन् उभेच राहिले.

त्याच टायमाले सुभद्राबाई आल्या. हातात लोनी अन् हळदीची वाटी, पळसाचे पानं. पोळ्याच्या आदल्या सांजेले बैलायचे खांदे शेकाचे असतात. वर्सभर ज्याच्या मानेवर जू ठेवलं, त्याच्या मानेले एक दिवस लोनी. मानसं लय हुशार असतात, हिशेब असा पुरा करतात.

तिनं साऱ्या बैलायचे खांदे शेकले. प्रत्येकाच्या कानापाशी म्हनली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मोऱ्यानं नेहमीवानी वाटीच चाटाले पाह्यली. मंग ती माह्यापाशी आली अन् खाली बसली.

"याचाही खांदा आला हाये. याले कोन शेकन?"

"लाकडाचा हाये तो," पाटील म्हनले.

"परवा हार घालसान त्याले, तवा नसते वाटते लाकडाचा."

तिनं पान लोन्यात बुडवलं, गरम करून माह्या गाठीवर ठेवलं. खरं सांगतो, मी बाभळीचं लाकूड, मले काई समजाले नाई पाहिजे. पन समजलं. तिचं बोट त्या खड्ड्यावर थांबलं. मंग तिनं माह्या अर्ध्या कोरल्या कानात म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

उठता उठता तिनं श्रावनले विचारलं, त्याच्याकडं न पाहता, "तुहा खांदा तवा कोनं शेकला होता?"

"पंचफुलानं. मिठाच्या पान्यानं."

तिनं उरलेली वाटी त्याच्यापुढं जमिनीवर ठेवली. हातात नाई देल्ली. तेवढं तिलेही नाई जमलं.

"आता भरलं ते, बाई," श्रावन म्हनला. "फक्त दिसते."

पाटलानं कानस वापस भिंतीले लटकवली. "घेऊन जाय हा बैल तुह्या घरी. मी अमरावतीहून आनतो." अन् गेले. येऊ नको म्हनाचं मात्र विसरले, का विसरल्यासारखं केलं, ते मले समजलं नाई.

असा मी मैनाचा झालो.

तान्ह्या पोळ्याले पारापुढं रांग लागली. पाटलाच्या नातवाचा बैल बसच्या टपावर बसून आला होता. लाल रंग, आरसे, गळ्यात घुंगरू. आमच्याकडं असा पाहे जसा मुंबई पाहून आला. मैनानं मले दोरीनं ओढत आनलं अन् रांगेच्या शेवटी उभी राहिली. श्रावन मागं लिंबाखाली उभा. पंचफुला त्याच्याही मागं.

आंब्याच्या पानाचं तोरन धरनारा नत्थुजी आडवा आला. "ए पोरी, तुमचा पोळा तुमच्या वस्तीत भरवा. इथं जागा नाई."

श्रावन एक पाऊल पुढं आला अन् थांबला. मैना मात्र जागची हालली नाई.

"याले आवतन हाये," ती म्हनली.

"कोनाचं?"

"पाटलीनबाईचं."

लोक हासले. नत्थुजी त इतका हासला की तोरन खाली आलं. मंग हासू एकेक करून बंद झालं, कारन सुभद्राबाई पुरनपोळीचं ताट घेऊन नातवाच्या बैलापुढून तशाच चालत शेवटापर्यंत आल्या होत्या.

"हो. मी देल्लं," ती म्हनली. "परवा या लालवाल्याचा पत्ता नव्हता, त त्याले कसं देऊ?"

सारे पाटलाकडं पाहाले लागले. आवतन देऊन पोळ्याच्या टायमाले उपाशी वापस धाडनं, हे त्या गावात कोनी केलं नव्हतं. पाटलानं सुपारी इकडून तिकडं केली.

"राहू द्या मंग," ते म्हनले. "शेवटी राहू द्या."

शेवटी त शेवटी. मैनाचं डोकं तोरनाखाली होतं. बाईनं माह्या तोंडाले पोळी लावली, मानेले हळद लावली. बक्षिसाचा पितळी गिलास लालवाल्याले भेटला. माह्या तोंडाले गूळ लागला होता, मी तक्रार केली नाई.

पन त्याच्यानंतर जे झालं ते कोनी ठरवलं नव्हतं. मोतीराम मले पाहाले आला. खाली बसला, माह्या मानेवर हात फिरवला. मंग बोटाले लागलेली हळद त्यानं शेल्याखाली आपल्याच खांद्याले पुसली, कोनी पाहून नाई राहिलं असं समजून. मंग दुसऱ्या घरचा सालदार आला. मंग तिसरा. पाटलाच्या जातीचे होते, आमच्या वस्तीचे होते, खांद्यावरून काई समजत नव्हतं. एकेक यायचा, मले चाचपाचा, अन् हळद घेऊन जायचा. पाटील खुर्चीवर बसून पाहात होते. पयल्यांदा त्यायनं थोडं वाकून पाह्यलं.

वाकले म्हनून बदलले, असं नाई हं. पुढच्या पाडव्याले त्यायनं श्रावनचं साल बांधलं नाई. कारन विचारलं त म्हनले, "तुह्या हातले दुसरं काम चांगलं जमते." खरं होतं, अन् खोटंही होतं.

मंग आमी अकोल्याले आलो. पंचफुलाच्या डोक्यावर गठुडं, मैनाच्या काखेत मी. बसच्या दारात माहा कान तुटला. कंडक्टर म्हने, "बैलाचं तिकीट काढा." श्रावन म्हने, "मानसाचं काढून राहिलो, तेच लय हाये."

अकोल्यात तो दारं अन् खाटा करनाऱ्या एका दुकानात लागला. रंधा भेटला शेवटी. सांजेले घरी आला की आपलं कोरे. वस्तीतल्या विहाराच्या दारावर त्यानं एक जोडी कोरली, एका जुवाखाली बैल अन् मानूस. दोघायची चाल अशी सारखी की लोक जवळ येऊन पाहातात, बैल कोनता अन् मानूस कोनता.

मैना शिकली. या शाळेत बाई झाली, अन् मले संगं घेऊन आली. ज्या पोराले पाढा येते त्याले मले ओढाले भेटते. म्हनून चाक डुगडुगते. म्हनून मी लय खूश हावो.

मागच्या महिन्यात एक पाहुने आले होते शाळेत. मले उचललं, उलटं केलं. "सुंदर. फक्त मानेवरचं भोक पुट्टीनं भरून घ्या, वरून पॉलिश मारा, नवा दिसन." बाईनं मले त्यायच्या हातातून काढून कपाटावर ठेवलं. "कान लावून द्या साहेब," ती म्हनली, "मान राहू द्या."

माहंही तेच म्हननं हाये. रंग द्या, कान लावा, चाक ठोका. पोट वाटलं त थोडं भरा, तिसरीच्या पोरायनं हत्ती म्हनाले पाहिजे. पन ते भोक नका भरू. ते माहं नाई हाये. मी फक्त सांभाळून राहिलो.

उद्या पोळा. आज सांजेले श्रावन अकोल्याहून येईन. दर वर्सी येते. मैना वाटीत लोनी अन् हळद घेईन, पळसाचं पान गरम करीन, पयले माहा खांदा शेकन. मंग तो सदरा काढून माह्या बाजूले खाली बसन, मुकाट्यानं, मोऱ्यावानी. ती त्याचाही शेकन, त्याच्या कानापाशी वाकन.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

अन् तो दर वर्सी तेच विचारते, डोये मिटून.

"ढेप भेटन का, का नुसतं कुटार?"